उंटाची चाल: वायोमिंगमधल्या एका कोपऱ्याचा खटला

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, कार्बन काउंटीत, एल्क माउंटन नावाच्या डोंगराजवळ 2020 साली दोन लोखंडी खांब शेजारी शेजारी रोवलेले होते. दोन्हींवर प्रवेशबंदीच्या पाट्या, मध्ये साखळी आणि साखळीला कुलूप. खांबांना जोडून कुंपण मात्र नव्हतं. हे फाटक अडवत होतं ते फक्त एका बिंदूला. चार जमिनींचे कोपरे जिथे एकमेकांना टेकतात, तो हा बिंदू. चारांतल्या दोन, तिरक्या समोरासमोरच्या, सरकारी; उरलेल्या दोन खासगी. मिझुरी राज्यातून आलेले शिकारी एका सरकारी तुकड्यावर उभे होते आणि त्यांना दुसऱ्या सरकारी तुकड्यावर जायचं होतं. त्यांनी खांबाला धरून अंगाला झोका दिला आणि पलीकडे पाय टाकला. खासगी मातीला त्यांचा बूटही लागला नाही.

या पावलावरून पुढे फौजदारी खटला झाला, मग लाखो डॉलरच्या भरपाईचा दिवाणी दावा, मग अपील, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेलं. ते समजून घ्यायचं तर आधी हा कोपरा जन्माला कसा आला, ते पाहायला हवं.

1785 साली अमेरिकी काँग्रेसनं पश्चिमेकडच्या जमिनीची मोजणी कशी करायची ते ठरवलं. नदी, डोंगर, वहिवाट, काही बघायचं नाही. सरळ चौकोन आखायचे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद चौरस म्हणजे टाउनशिप. तिचे 36 तुकडे, प्रत्येक एक चौरस मैलाचा, म्हणजे 640 एकरांचा. या तुकड्याला सेक्शन म्हणतात. मोजणी 66 फुटी साखळीनं व्हायची. 80 साखळ्यांचा मैल. (आपला गुंठा म्हणजे 33 फुटांचा चौरस, याच साखळीच्या निम्म्या बाजूचा. म्हणून तर 40 गुंठ्यांचा एकर बरोबर बसतो आणि अमेरिकी सेक्शन भरतो 25,600 गुंठे.) मोजणीदार प्रत्येक कोपऱ्यावर खूण ठेवत पुढे सरकायचे: कुठे खाचा पाडलेला दगड, कुठे लाकडी खुंट, पुढच्या काळात लोखंडी नळीवर बसवलेली पितळी टोपी. तळहातात मावेल एवढ्या या टोपीवर सेक्शनचे आकडे ठोकलेले असतात. सरकारी मोजणीची ही खूण उखडणं हा आजही केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे.

सेक्शनांना क्रमांक द्यायची रीत नीट लक्षात घ्या, पुढची सगळी भानगड तिच्यातून उभी राहते. ईशान्य कोपऱ्यात 1, तिथून पश्चिमेकडे 6 पर्यंत. मग खालच्या ओळीत 6 च्या बरोबर खाली 7 आणि उलट पूर्वेकडे 12 पर्यंत. असं नागमोडी 36 पर्यंत जायचं. कागदावर आखून पाहिलं तर दिसेल की कुठल्याही विषम आकड्याच्या चारही बाजूंना समच आकडे येतात. विषमाला विषम फक्त कोपऱ्यावर भेटतो आणि समाला समही.

मग रेल्वे आली. यादवी युद्ध चालू होतं, तिजोरीत खडखडाट होता, जमीन मात्र अमाप. 1862 च्या पॅसिफिक रेल्वे कायद्यानं युनियन पॅसिफिक कंपनीला लोहमार्ग टाकण्याच्या बदल्यात जमीन देऊ केली आणि 1864 साली ती दुप्पट केली: मार्गाच्या दोन्ही अंगांना वीस-वीस मैलांपर्यंत विषम क्रमांकाचे सेक्शन कंपनीचे, सम क्रमांकाचे सरकारचे. एकाआड एक का? रेल्वे आली की शेजारच्या जमिनीचा भाव चढणार हे उघड होतं. सरकारनं आपल्याकडे ठेवलेल्या सेक्शनांचा किमान दर एकरी सव्वा डॉलरवरून अडीच डॉलर केला. अर्धी जमीन फुकट दिली, उरलेली अर्धी दुप्पट भावानं विकू, हिशेब चोख.

चोख होता तो कागदावर. 1869 साली मार्ग पुरा झाला, कंपनीला जमीन मिळाली, पण दक्षिण वायोमिंगच्या उंच, कोरड्या, वाऱ्यानं झोडपलेल्या माळावर एका कुटुंबाच्या वाट्याला येणाऱ्या 160 एकरांत कुणाचं पोट भरणार? सरकारच्या सेक्शनांना गिऱ्हाईकच आलं नाही. रेल्वेचे सेक्शन हळूहळू मेंढ्यावाल्यांच्या आणि गुरांच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या हाती गेले. सरकारचे तसेच पडून राहिले. 16 आणि 36 क्रमांकाचे सेक्शन शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याला मिळाले होते, ते वेगळे. असा तो चाळीस मैल रुंदीचा पट्टा आजही राज्याच्या दक्षिण भागात आडवा पसरलेला आहे. तिथले लोक त्याला चेकरबोर्ड म्हणतात, आणि नकाशा पाहिला की बुद्धिबळाचा पटच आठवतो: काळी घरं खासगी, पांढरी सरकारी. पांढऱ्यातून पांढऱ्यात जायची एकच चाल, उंटाची, तिरकी. पटावर ती चालताना उंटाचं किती अंग काळ्या घरावर आलं असं कुणी विचारत नाही. वायोमिंगमध्ये नेमकं तेच विचारलं गेलं.

शिकाऱ्यांना या पांढऱ्या घरांची एवढी ओढ का, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला हवं, कारण आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला. अमेरिकेत रानातलं जनावर जमीनमालकाचं नसतं. एल्क (हा सांबराच्या कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी, नर तीनशे किलोच्या घरात जातो) कुणाच्याही रँचवर चरत असला तरी तो राज्याचा, म्हणजे जनतेचा. शिकारीचा परवाना राज्य देतं, मोसम आणि संख्या राज्य ठरवतं. जमीनमालकाच्या हातात एकच गोष्ट असते: आत कुणाला येऊ द्यायचं. शिकारीसाठी रँच भाड्यानं देणं, पाहुण्यांना वाटाड्यासह एल्कच्या मागावर नेणं हा तिथे मोठा धंदा आहे. आणि रँचच्या पोटात सरकारी सेक्शन अडकलेले असले, तर मालक ते न विकत घेता, त्यांचा कर न भरता वापरू शकतो. बाकीच्या देशाला मात्र ते बंद. माझ्या मते सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. मालकी हवेची की जमिनीची हा प्रश्न वकिलांचा. फुकटात पदरात पडलेल्या एकाधिकाराची किंमत रँचच्या भावात धरली जाते, ही खरी गोष्ट.

ही युक्ती जुनी आहे. 1870 च्या दशकात काटेरी तार स्वस्त झाली आणि गुरांच्या कंपन्यांनी सरकारी कुरणं सर्रास वेढून टाकली. तेव्हा 1885 साली काँग्रेसनं बेकायदा कुंपणांविरुद्धचा कायदा केला. सरकारी जमीन कुंपण घालून बंद करायची नाही, एवढंच त्यात नाही. बळजबरीनं, धमकीनं, धाकानं किंवा कुंपणानं कुणाचं सरकारी जमिनीवरून येणं-जाणं रोखायचं नाही, असंही त्यात आहे. हा धमकी-धाकाचा भाग सव्वाशेहून अधिक वर्षांनी कामाला येणार होता.

कायदा झाल्यावर कोलोरॅडोत कॅमफिल्ड नावाच्या पशुपालकानं त्यातून पळवाट काढली. त्यानं आपल्या विषम सेक्शनांच्या कडेनं, हद्दीच्या जरा आतून, फक्त स्वतःच्या जमिनीवर कुंपण घातलं. एक खांबही सरकारी मातीत नाही. पण कोपऱ्यावर एका सेक्शनचं कुंपण संपतं तिथेच तिरक्या सेक्शनचं सुरू होत असल्यानं सुमारे वीस हजार एकर सरकारी जमीन आपोआप कोंडली गेली. सर्वोच्च न्यायालयानं 1897 साली हे कुंपण काढायला लावलं: आपल्याच जमिनीवर का असेना, परिणाम जर सरकारी जमीन बंद करण्याचा असेल तर ते चालणार नाही.

म्हणजे प्रश्न तेव्हाच सुटला म्हणायचा? तसं वाटत असतानाच 1979 साली लिओ शीप कंपनीचा निकाल आला. वायोमिंगमधल्या सेमिनो जलाशयाकडे लोकांना जाता यावं म्हणून केंद्र सरकारनं चेकरबोर्डमधून, कोपऱ्याजवळून कंपनीच्या जमिनीवर कच्चा रस्ता काढला होता. सरकारचं म्हणणं असं की 1862 साली जमीन देतानाच जाण्यायेण्याचा हक्क आम्ही मनात राखून ठेवला होता. न्यायालयानं विचारलं, मग तसं लिहिलं का नाही? रस्ता हवा तर जमीन संपादन करा आणि पैसे मोजा.

आपल्याकडे अडकलेल्या शेताचा मालक महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे जाऊन दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागू शकतो. गरजेपोटी वहिवाटीचा हक्क हे तत्त्व इंग्रजी कायद्यातून आपल्याकडे आलं, तसं अमेरिकेतही गेलं. पण तिथे सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं पडलं की संपादनाचा अधिकार ज्याच्या खिशात आहे त्या सरकारला ‘गरज’ कसली? मग जमीनमालकांनी या निकालाचा अर्थ ओढून ताणून असा लावला की रस्ता नाही म्हणजे पाऊलही नाही.

दरम्यान एक मजेदार निकाल लागून गेला होता. रॉलिन्स गावाजवळ रेड रिम नावाच्या भागात एका रँचवाल्यानं सुमारे 28 मैल लांबीचं कुंपण घातलं आणि हिवाळ्यात तिथे चरायला येणारे प्रॉन्गहॉर्न, म्हणजे काळविटासारखे दिसणारे तिथले चपळ प्राणी, बाहेर अडकले. 1988 साली दहाव्या सर्किटच्या, म्हणजे वायोमिंगसह सहा राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयानं 1885 च्याच कायद्याखाली कुंपण हटवण्याचा आदेश कायम केला. सरकारी जमिनीवर जाण्याची वाट आधी जनावरांना मिळाली. माणसांना आणखी 37 वर्षं थांबावं लागलं.

आता पुन्हा एल्क माउंटनकडे. रँच सुमारे 22,000 एकरांचं, मालक उत्तर कॅरोलायनाचा औषध व्यवसायातला उद्योजक, जमीन आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीच्या नावावर. आत हजारो एकर सरकारी आणि राज्याची जमीन अडकलेली. 2020 ला खांबाला लटकून गेलेले शिकारी 2021 ला परत आले, तेव्हा चौघं होते आणि सोबत खास बनवून घेतलेली लोखंडी शिडी होती. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची ही घोडी एका सरकारी तुकड्यात पाय रोवून कोपऱ्यावरून पलीकडच्या सरकारी तुकड्यात उतरत होती. चढायचं, कोपरा ओलांडायचा, उतरायचं. ना खांबाला हात, ना खासगी मातीला पाय.

तरीही त्यांच्यावर अतिक्रमणाचा गुन्हा दाखल झाला. एप्रिल 2022 च्या शेवटी रॉलिन्समधल्या ज्युरीनं चौघांना निर्दोष सोडलं. पण त्याआधीच कंपनीनं दिवाणी दावा ठोकला होता. अशा ये-जा करण्यानं रँचची किंमत चौथाईनं घसरते असं सांगून मागितलेल्या भरपाईचा आकडा 70 लाख डॉलरच्या पुढे गेला. या आकड्यानंच माझ्या मते मालकाची बाजू उघडी पाडली. चार माणसांनी गवत न तुडवता कोपरा ओलांडला तर मातीचं नुकसान शून्य. घसरली ती किंमत शेजारच्या सरकारी जमिनीवरच्या मक्तेदारीची.

कायद्याच्या भाषेत मालकाची बाजू मात्र वाटते तितकी हास्यास्पद नव्हती. बिंदूला रुंदी नसते, माणसाला असते. कोपरा कितीही जपून ओलांडा, एक खांदा डाव्या खासगी जमिनीवरून जातो, दुसरा उजव्या. जमिनीच्या मालकाची मालकी थेट आकाशापर्यंत जाते असं एक फार जुनं लॅटिन सूत्र आहे. 1946 साली सर्वोच्च न्यायालयानं ते विमानांपुरतं निकालात काढलं, तो खटलाही वाचण्यासारखा. एका कोंबडीपालकाच्या शेडवरून लष्करी विमानं इतक्या खालून जायची की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरायच्या. न्यायालय म्हणालं, आकाश सगळ्यांचं. पण जमिनीलगतची, मालकाच्या वापरातली हवा मालकाचीच. त्याला भरपाई मिळाली. खांद्याएवढ्या उंचीची हवा तर निश्चितच जमिनीलगतची. वायोमिंगच्या कायद्यातही जमिनीवरची हवा मालकाची मानलेली आहे.

जिल्हा न्यायाधीश स्कॉट स्कावडाल यांनी मे 2023 मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि 18 मार्च 2025 रोजी दहाव्या सर्किटनं तो कायम केला. निकालपत्र न्यायाधीश टिमथी टिमकोविच यांचं. त्यातली पायरी नीट पाहावी, कारण बातम्यांमध्ये ती हरवते. कोपरा ओलांडणं हे वायोमिंगच्या कायद्यानुसार अतिक्रमण ठरू शकतं, हे न्यायालयानं नाकारलं नाही. न्यायालय म्हणालं ते इतकंच: राज्याचा अतिक्रमणाचा कायदा वापरून सरकारी जमिनीवर जाणाऱ्याला रोखणं म्हणजेच 1885 च्या कायद्यानं मना केलेला अडथळा, आणि केंद्राचा कायदा राज्याच्या वरचढ. तार असो, साखळी असो, पाटी असो की दाव्याची धमकी, परिणाम कॅमफिल्डच्या कुंपणाचाच. लिओ शीपचा निकाल आड आला नाही, कारण तिथे सरकार खासगी जमिनीवर कायमचा रस्ता मागत होतं. इथे जमिनीला स्पर्शही नाही. 20 ऑक्टोबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुढचं अपील ऐकायला नकार दिला आणि निकाल पक्का झाला.

पक्का, पण सहा राज्यांपुरता: वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस आणि ओक्लाहोमा. मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतं. तिथेही रेल्वेनं दिलेल्या जमिनींचा पट आहे, पण हा निकाल तिथे बंधनकारक नाही आणि तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं बेकायदाच मानतं. सर्वोच्च न्यायालयानं ऐकायला नकार देणं म्हणजे निकालावर देशभरासाठी शिक्कामोर्तब करणं नव्हे.

आता प्रत्यक्ष ओलांडायचं कसं? शिकारी मोबाइलवरच्या नकाशात आधी कोपरा शोधतो. जमिनीच्या हद्दी आणि मालकांची नावं दाखवणारी ऑनएक्ससारखी ॲप आल्यापासूनच हा प्रश्न पेटला. त्याआधी काउंटी कार्यालयातले नकाशे काढून माळावर जागा जुळवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. पण फोनच्या जीपीएसला काही मीटरची चूक सहज असते आणि इथे हिशेब इंचांचा. म्हणून ॲप फक्त जवळ नेतं; पाऊल टाकायचं ते जमिनीतली पितळी टोपी डोळ्यांनी पाहून. खूण सापडली नाही, किंवा जुना दगड वाहून गेला, तर कोपरा नक्की कुठे आहे हे सांगणार कोण? तिथे ओलांडणारा आपल्या जोखमीवर ओलांडतो. निकाल आहे तो पायी जाणाऱ्याबद्दल, खासगी जमिनीला न शिवणाऱ्याबद्दल. गाडी न्यायची मुभा त्यात नाही.

आणि परतताना? एल्क पडला की त्याचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं वायोमिंगमध्ये गुन्हा आहे. चार तंगड्या, पाठीचं मांस, शिंगं, सगळं पाठीवर लादून अनेक खेपा त्याच कोपऱ्यावरून काढायच्या, फुगलेली पाठपिशवी दोन्ही बाजूंच्या खासगी हवेत डोकावत असताना.

अशा फक्त कोपऱ्यानं जोडलेल्या सरकारी जमिनी पश्चिमेत किती असाव्यात? ऑनएक्सनंच 2022 साली मांडलेला अंदाज 83 लाख एकरांचा आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दुपटीहून जास्त. कंपनीचा धंदा शिकाऱ्यांना नकाशे विकण्याचा, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. पण मोजणी सरकारी हद्दींवरच केलेली आहे.

यापलीकडे ज्या सरकारी जमिनीला दुसऱ्या सरकारी जमिनीचा कोपराही लागत नाही, चहूबाजूंनी खासगीच आहे, तिथे या निकालाचा काडीचा उपयोग नाही. तिथे वाटा जुन्याच. मालकाची परवानगी मागायची. अनेक जण विचारल्यावर हो म्हणतात. राज्यच मालकाला मोबदला देऊन शिकाऱ्यांसाठी जमीन खुली करून घेतं, तशा योजना आहेत: मोंटानात 1985 पासून ब्लॉक मॅनेजमेंट, वायोमिंगमध्ये ॲक्सेस यस. मोंटानात नदीतूनही जाता येतं, कारण तिथल्या कायद्यानं पुराच्या नेहमीच्या रेषेपर्यंतचं पात्र लोकांना खुलं आहे. पैसा असेल तर छोटं विमान भाड्यानं घेऊन सरकारी माळावर उतरणारेही आहेत. आकाश सगळ्यांचं असल्याचा फायदा. सरकार जमीन किंवा वाटेचा हक्क विकतही घेतं. समुद्रातल्या तेल-वायूच्या उत्पन्नातून चालणाऱ्या भूमी-जल संवर्धन निधीला 2020 पासून दरसाल 90 कोटी डॉलर कायमचे मिळू लागले आहेत, त्यातला काही वाटा अशा वाटांसाठी राखलेला आहे.

आणि कित्येक ठिकाणी वाट खरं तर आहेच, फक्त कुणाला माहीत नाही. वनखात्यानं किंवा भूव्यवस्थापन विभागानं पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या मालकाकडून जाण्यायेण्याचा हक्क लिहून घेतलेला असतो, पण तो कागद एखाद्या विभागीय कचेरीच्या फायलीत असतो, नकाशावर नसतो, आणि रस्त्यावर मालकानं लावलेली पाटी असते. 2022 साली काँग्रेसनं कायदा करून केंद्रीय खात्यांना असे सगळे कागद संगणकावर आणून लोकांसाठी खुले करायला सांगितलं आहे.